मधला आवाज

“वहिनी, हा मधला आवाज औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी पाकिटाचा. सोनं खणखणीत वाजतं,” गुप्तधनाच्या नादाने आणलेल्या नव्या मेटल डिटेक्टरचं ज्ञान दीर पाजळत होता.

पाच वर्षांपूर्वी सासूची बोरमाळ हरवली, तेव्हा भावकीसमोर शेवंताला चोर म्हणणारा पहिला हाच.

तिने कानातली सोन्याची कुडी मातीत पुरली आणि यंत्र फिरवलं. तोच मधला आवाज आला.

मग घराभोवती तसा आवाज येईल तिथे ती खणत सुटली. पाकिटं निघाली, झाकणं निघाली, आणि सासू शेण टाकायची त्या उकिरड्याच्या कडेला बोरमाळ निघाली.

सासूने घाईने हात पुढे केला. “सापडली ना! चल घरात. तमाशा नको.”

शेवंताने मूठ आवळली. “मला चोर ठरवायला बोलावलेली सगळी भावकी पुन्हा बोलवा, आत्याबाई. तोवर ही चोराच्याच मुठीत राहील.”