एकाचा राहिलेला मेल

मेल चार वाजता सुटणार होता, आणि गीतांजली शेवटची खात्री करून घेत होती. वाशीच्या त्या ऑफिसातला मेल सर्व्हर तिच्या ताब्यात होता. कोणाकोणाची नोकरी जाणार, ती नावं एचआरनं परस्पर भरली होती. तिनं ती उघडून पाहिली नव्हती. तेवढा धीर तिला नव्हता.

मागच्या कपातीत हाच मेल सकाळपासून एकेकाला ठिबकत राहिला होता. प्रत्येकाची वेगळी प्रत, आणि सर्व्हर एका वेळी दोनच पुढं सोडायचा. सगळा मजला दिवसभर जीव मुठीत धरून बसलेला. शेजारच्याचा चेहरा उतरला की आपला नंबर कधी, एवढंच. ते हाल तिला पुन्हा बघायचे नव्हते. म्हणून या वेळी तिनं बसून सर्व्हर नीट लावला. मजकुराची एकच प्रत, तिला सगळे पत्ते जोडलेले, एकाचं नाव दुसऱ्याला दिसणार नाही, आणि सगळ्यांना एका दमात पोच. तिचे साहेब, अरविंद सर, म्हणाले, फास्ट झालं, छान. फास्ट व्हावं म्हणून तिनं काही केलंच नव्हतं, पण साहेबांना काय सांगणार?

चारला मजल्यावरचे कितीतरी फोन एकदम वाजले. पलीकडच्या टेबलावरच्या अस्मितानं फोन पालथा ठेवला आणि ओंजळीत तोंड लपवलं. ज्यांचे फोन गप्प राहिले, त्यांचा जीव भांड्यात पडला.

गीतांजलीनं सवयीनं सर्व्हरची रांग तपासली. रांगेत एक मेल शिल्लक होता. मेलबॉक्स भरलेला आहे, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करू, असं सर्व्हर अगदी शहाण्यासारखं सांगत होता. पत्ता परचेसमधल्या रज्जाकभाईंचा होता. जुने मेल काढून टाका म्हणून ती कधीची त्यांच्या मागं लागली होती, आणि ते नुसते हसायचे.

मेल पुसून टाकावा, असं तिला क्षणभर वाटलं. पण पुसला तरी सोमवारी गेटवर त्यांचं कार्ड चालणार नव्हतं, सगळ्यांदेखत. त्यांच्या मेलबॉक्सला थोडी जागा वाढवून दिली असती, तर मेल लगेच पोचला असता. तिनं हात आवरला आणि ती उठली.

रज्जाकभाई अस्मिताच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला होता. उरणला मेव्हण्याच्या गोदामात माणसं लागतात, आजच शब्द टाकतो, असं ते तिला समजावत होते. आपण वाचलो याची त्यांना लाजच वाटत असावी. गीतांजलीला येताना पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतःचा ग्लास तिच्यापुढं ठेवला.

"बस. तुला पण आला काय गं?"

"नाही, रज्जाकभाई. मला नाही आला."

"मग रडतेस कशाला?"

तिनं डोळे पुसले. येताना मनाशी पाठ केलेलं सगळं ती विसरली. "तुमचा आलाय," ती म्हणाली. "माझ्याकडं अडकलाय."

टेबलाची कड त्यांनी एका हातानं घट्ट धरली. मग दुसऱ्या हातानं तो ग्लास तिच्याकडं आणखी थोडा सरकवला.

"चाय घे आधी," ते म्हणाले. "थंड होईल."