आवळसुटाची तिसरी दुरुस्ती

"पुन्हा सगळं हनुवटीशी आलं," असं म्हणत बाईंनी पिशवीतून आवळसूट काढला आणि मावशींच्या शिवणयंत्राशेजारी ठेवला. दुरुस्तीसाठी ही त्यांची तिसरी खेप होती.

मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'सैल कातडी सावरणारे कपडे. कापाकापी फक्त कापडाची.' बावीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही कपडा परत आला नव्हता, आणि हा एकटा तीनदा आला होता.

"घाला बघू," त्या म्हणाल्या.

बाई पडद्याआड जाऊन सूट घालून आल्या. पोट सपाट, मांड्या घोटीव, नाव ठेवायला जागा नाही. दोन वर्षांपूर्वी कामावर पडून बाईंचा खांदा निखळला होता. घरी बसून वजन तीस किलोंनी वाढलं, ते त्यांनी हट्टानं उतरवलं, पण कातडी काही वजनाबरोबर गेली नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा आणि सहा महिने काम विसरा. म्हणून त्या मावशींकडे आल्या. मावशींनी सगळी सैल कातडी खालून वर ओढून घेतली होती आणि तिचा भार खांद्याच्या रुंद पट्ट्यांवर टाकला होता.

"कुठे आलंय हनुवटीशी?" मावशींनी विचारलं.

"इथे नाही येत हो. इथे छानच बसतो. कामाचा सराव करायला लागले की येतं. पोट छातीवर, छाती हनुवटीवर. परवा मला समोरचं दिसेना. नवरा तिथेच असतो, त्यानं धरलं म्हणून निभावलं."

कोपऱ्यात हुक लावत बसलेल्या मावशींच्या सुनेनं खाली मान घालून हसू गिळलं.

असं कोणतं काम करता, हे मावशींच्या अगदी ओठांवर आलं. पण दुकानाचा एक नियम होता आणि तो त्यांनीच केलेला होता. गिऱ्हाइकाला नाव विचारायचं नाही आणि कपडा घालून कुठे जाणार तेही विचारायचं नाही. माणसं आधीच चोरासारखी आत शिरतात, त्यांना आणखी कशाला लाजवायचं? मावशींनी प्रश्न गिळला आणि खडूनं सुटावर उगाचच एक रेघ मारली.

"शनिवारी मी दोन वर्षांनी पुन्हा कामावर उभी राहणार," बाई म्हणाल्या. "शेकड्यांनी पोरं टक लावून बघत असतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. पहिल्याच दिवशी हसं झालं, तर मालक मला कायमचं खिडकीत बसवतील. माझ्या जागेवर यायला एक तरुण मुलगी तयारच आहे. मला नाही हो जमणार खिडकीत बसायला."

"मग मी करू तरी काय?" मावशींनी हात टेकले.

बाई थोडा विचार करून म्हणाल्या, "उलटा शिवा. खांद्याचे पट्टे काढून टाका. तळपायाखालून पट्टे घ्या आणि सगळं वरून खाली ओढा."

"वरून खाली? अहो, सगळं घोट्यापाशी गोळा होईल."

"होऊ दे. माझी जबाबदारी."

त्या गेल्यावर सून म्हणाली, "आई, शाळेत शिकवत असणार. हाताला पांढरी पूड बघितली ना? खडूच तो. शिवाय काही करायच्या आधी तोंडातल्या तोंडात 'एक, दोन, आणि' म्हणतात. कवायत घेत असतील."

"आणि सूट उलटा घालत असतील," मावशी पुटपुटल्या.

तरी त्यांनी सूट उसवला आणि दोन दिवस मान मोडून उलटा शिवला. बाई तो घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. पोट मांड्यांवर आलं, मांड्या गुडघ्यांवर आल्या. सुनेनं तोंडात रुमाल कोंबला. मावशींना रडू यायचं बाकी राहिलं होतं.

बाई मात्र खूश. "आता कसं," त्या म्हणाल्या. "शनिवारी दोघी या. माझा नवरा घ्यायला येईल."

शनिवारी नवरा आला. बुटका, जाड मनगटांचा, हसरा माणूस. "पुढे तिकिटाच्या खिडकीशी गर्दी आहे," म्हणत त्यानं दोघींना मागच्या दारानं अंधारात आत नेलं, पहिल्या बाकावर बसवलं आणि "माझं काम आहे" म्हणून तो पळाला. मागे पोरांचा नुसता कलकलाट चालला होता.

थोड्या वेळानं दिवे लागले आणि लांब झगा घातलेल्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. झग्याखालून त्यांचे घोटे दिसत होते, आणि मावशींना वाटलं होतं तसं सगळं तिथेच गोळा झालं होतं.

"आजीचे पाय बघ," मागून एक पोरगं म्हणालं आणि आसपासची पोरं खिदळली.

मावशींनी डोळे गच्च मिटले. बावीस वर्षांची अब्रू गेली ती गेली, पण बिचारी बाई आता जन्मभर खिडकीत बसणार, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. विचारायला हवं होतं, त्या मनात म्हणाल्या. नियम गेला खड्ड्यात, विचारायला हवं होतं.

हळूहळू हसणं थांबलं. मग सगळीकडे इतकं शांत झालं, की सुनेचा श्वास ऐकू यायला लागला. कुठून तरी लांबून बाईंचा आवाज आला, "एक, दोन, आणि."

"आई," सुनेनं त्यांचा दंड घट्ट पकडला, "वर बघा."

मावशींनी डोळे उघडले आणि मान वर केली. तंबूच्या पार टोकाशी, झोक्याच्या दांड्याला गुडघे अडकवून, झगा उतरवलेल्या बाई खाली डोकं वर पाय झुलत होत्या, समोरून तसाच उलटा झुलत आलेला नवरा त्यांचे हात धरत होता, आणि पोट, मांड्या, सगळं कसं जिथल्या तिथे होतं.