आवाज पायाचा

"लागलंच न्हाय त्याला," सरू म्हणाली.

टीव्हीवर लाल चड्डीतला पहिलवान रिंगच्या दोरांवर कोसळला होता आणि गाल धरून बोंबलत होता. सरूचा नवरा जान्या खाटेच्या कडेला सरकून बसला होता. म्हाताऱ्याचा जीव वरखाली होत होता.

"लागलं न्हाय कसं? आवाज आयकला न्हाय का?"

"आवाज पायाचा. मारताना पाय आपटतो तो. बग, आता परत मारंल."

समोरच्यानं परत चापट मारली. फटाका फुटावा तसा आवाज झाला. सरूच्या मांडीवर बसलेल्या तुळजानं टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांची पोर. टीव्हीत चापट बसली की टाळ्या वाजवायच्या, हे नातीला सरूनंच शिकवलं होतं.

सरूचं कुस्तीचं येड शेलार गावच्या त्या पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी संध्याकाळी ती चुलीपुढून उठायची ती थेट टीव्हीसमोर. भाताकडे तिची सून सोनल बघायची. मालिका सोडून म्हातारी मारामारी बघते म्हणून बायका हसायच्या. सरूला त्याचं काही नसायचं. कोण जिंकलं हेसुद्धा ती विचारत नसे. ती नुसत्या चुका काढायची. ह्याला उचलायच्या आधी हाच उडी मारतो. त्यानं खुर्ची मारली ती सपाट पाठीवर, डोक्याला लागू दिली नाही, ते बरं केलं. आणि हा लाल चड्डीवाला सगळ्यात कच्चा, फार ओरडतो.

"वरडंल न्हाय तं काय करंल?" जान्या चिडला. "जीव चाललाय त्याचा."

"खरं लागलं का मानूस वरडत न्हाय. गप ऱ्हातो. काय झालं ते त्याला आधी कळतच न्हाय."

तेवढ्यात किशन घरी आला. सरूचा मुलगा. काल्हेरच्या गोदामात दिवसभर ट्रक भरून शर्ट पाठीला चिकटला होता. सोनलनं त्याला तांब्या दिला. तो पाणी पिऊन होईपर्यंत ती थांबली. तांब्या परत घेतला आणि म्हणाली, "वळ गावच्या गोदामात पॅकिंगला बायका घेतात. मी हो बोलून आले. उद्यापासून ड्युटी."

"कोनाला इचारून?"

"आयेला बोलले. तुळजाला ती बघंल."

"मला इचारलंस?"

"तू काल्हेरला लागलास तवा मला इचारलं व्हतंस?"

किशन दारूला शिवत नसे. पोरीला खांद्यावर बसवून बाजारात नेणारा, आईला 'सोनलला आधी जेवायला वाढ' म्हणणारा. पाड्यावरच्या सासवा त्याचं उदाहरण द्यायच्या. सोनलवर त्यानं आजवर हात उचलला नव्हता.

आज उचलला.

फारसा आवाज झाला नाही. तांब्या पडला, त्याचाच काय तो झाला. सोनल ओरडली नाही. तिनं गालाला हातही लावला नाही. होती तिथंच उभी राहिली.

तुळजानं टाळ्या वाजवल्या.

खदखदून हसत, आजीच्या तोंडाकडे बघत वाजवल्या. सरूनं तिचे दोन्ही हात मुठीत धरले. मग पोरीला जान्याच्या मांडीवर दिलं आणि उठली. एरवी गुडघ्यांवर हात टेकत, देवाचं नाव घेत उठणारी बाई. आज एका झटक्यात उठली आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. तिचं डोकं किशनच्या छातीपर्यंतच येत होतं.

"भायेर हो," ती म्हणाली.

"आये, तू मधी पडू नको."

"पडले. आता मला मार."

किशननं मान फिरवली.

"त्या टीव्हीतल्यांचं पोट मारामारीवर चालतंय. तरी समोरच्याला लागू नये म्हून किती जपतात! तेवढंच बघाया बसते मी. आन तू घरच्या मानसाला मारतोस? शेजारच्या काळूरामकडं जा झोपाया. ही बोलवंल तवाच यायचं. मी न्हाय बोलवनार."

किशननं बापाकडे पाहिलं. "बाबा, तू तरी सांग हिला."

जान्या नातीच्या केसांतून बोटं फिरवत राहिला. त्यानं वर पाहिलं नाही.

सोनल सासूच्या पाठीमागून पुढं आली. गालावर आता बोटं उमटली होती.

"उद्या मी ड्युटीला जानार," ती म्हणाली. "आन परवा बी जानार."

टीव्हीतली माणसं अजून कुणाच्या तरी नावानं ओरडत होती. सोनलनं जाऊन टीव्ही बंद केला.

किशननं चपला पायात सरकवल्या. दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर थांबला. राग कधीच उतरला होता. तोंड रडवेलं झालं होतं.

"एकच तं मारली, आये," तो म्हणाला. "ती बी पयल्यांदाच."

सरूनं दार लोटायला हात पुढं केला. ती किशनकडे बघत नव्हती. खाटेवर खाली मान घालून बसलेल्या जान्याकडे बघत होती.

"तुज्या बापानं बी पयल्यांदा एकच मारली व्हती."