शंभरचा बल्ब

वरठीच्या कारखान्यात कामाला असलेल्या घनश्यामने नागपूरहून माशांची काचेची पेटी आणली. आत पाण्यातली हिरवी झाडं होती. वर चाळीसचा बल्ब लावला, तरी आठवड्यात पानं पिवळी पडली. "दिवसा बल्ब बंद करून ठेवते काय?" त्याने बायकोला विचारलं. बेबीने उत्तर द्यायच्या आधीच तिच्या थोबाडीत बसली.

मग त्याने साठचा लावला. पानं गळायला लागली आणि बेबीच्या पाठीवर वळ उठले. शेवटी धीर करून ती म्हणाली, "झाडायले उजेड पायजे, आच नाही. ट्यूबलाईट लावून पाहा ना जी."

"मले शिकवून राहिली काय?" म्हणत त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं आणि पाण्याला जवळजवळ टेकेल इतका खाली शंभरचा बल्ब टांगला.

दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवरून परतला, तेव्हा पाणी तापलं होतं आणि सगळे मासे उलटे तरंगत होते. त्याने कमरेचा पट्टा काढला. बेबीने डोकं हातांत लपवलं. फटका आला नाही, हाड मोडल्याचा आवाज आला.

तिने वर पाहिलं. घनश्याम मनगट धरून जमिनीवर लोळत होता. मारझोड सुरू झाली की मान खाली घालून तांदूळ निवडत बसणारी तिची सासू, गोदावरीबाई, चुलीजवळची लोखंडी फुंकणी घेऊन उभी होती.

"आत्याबाई, तुमचा पोरगा आहे तो," बेबी पुटपुटली.

"म्हणूनच," सासू धापा टाकत म्हणाली. "याच्या बापाचा हात मी तवाच मोडाले पायजे होता, याच्या डोयासमोर."