हं, बोला, ऐकतेय

"आबा, तुम्ही कोकराचं नाव ज्ञाना ठेवलंय का?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. ज्ञानेश्वरी कळंबच्या होस्टेलवरून सुट्टीला निघाली तेव्हा हर्षालीनं एसटीच्या खिडकीशी येऊन पैज लावली होती, घरी गेल्या गेल्या वडिलांना एवढं विचारायचं, न्हाय विचारलंस तर तू भित्री. नुकतीच भाषणाची ढाल जिंकून आलेली ज्ञानेश्वरी आता भित्री म्हणवून घेणार होती थोडीच.

आबा दारात बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. प्रश्न ऐकून खुशीत हसले.

"मग? आईवेगळं हाय. सारखं ओरडतंय, गप म्हणून बसत न्हाय. म्हणलं, ही आपली ज्ञानाच. फोनवर तुला सांगितलं की."

"मला? कधी?"

"अगं, तूच म्हणलीस, हं, बोला, ऐकतेय. म्हणून तर बोलत बसलो."

ज्ञानेश्वरीचं हसू तिथंच विरलं. शब्द तिचेच होते, तिनंच हौसेनं फोनात भरलेले. होस्टेलला संध्याकाळी अभ्यासाला बसताना फोन बंद करून मॅडमकडं द्यावे लागत. म्हणून हर्षालीनं तिच्या फोनात एक ॲप टाकून दिलं होतं. फोन बंद असला की ते तिच्या आवाजात बोलायचं आणि पलीकडच्याचा निरोप साठवून ठेवायचं. ज्ञानेश्वरीचा ईमेल नव्हता, म्हणून खातं हर्षालीच्या नावानं, निरोपही तिच्याच फोनवर यायचे. काही आलं का विचारलं की ती म्हणायची, काय न्हाय गं, नुसत्या जाहिराती.

आणि आबा मेंढरं बसवून, रेंजसाठी माळावर चढायचे, ते नेमके त्याच वेळेला.

"आणखी काय काय सांगितलंत?"

"लई. मेंढरं चुकून उसात शिरली अन् त्या मालकानं चारचौघांत पायताण उगारलं, ते. तुझ्या आईला सांगू नको म्हणलं व्हतं." आबांनी जीभ चावली, कारण आई पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी होती. "तू मधी काय बोलायची न्हाईस. मला वाटलं, पोर मन लावून ऐकायलीय."

ज्ञानेश्वरीनं दोघांना सगळं सांगून टाकलं. सांगता सांगताच तिला उमगत गेलं, जेवणं झाली की हर्षालीच्या कॉटवर पोरींचा घोळका का जमायचा. माळावरचा कार्यक्रम, म्हणायच्या त्याला. ज्ञानेश्वरी आली की फोन पालथा व्हायचा. एकदा तर तीही हसली होती त्यांच्यात, कशाला हसतात ते न विचारता.

आबांनी बाटलीचं बूच पुसलं, पुन्हा पुसलं.

"म्हंजी त्या समद्या ऐकत व्हत्या," ते म्हणाले. "तूच न्हाय."

तिनं तिथल्या तिथं ॲप काढून टाकलं. आबांना खात्री हवी होती. तिनं आपला फोन बंद केला, त्यांनी त्यांच्या बटनाच्या फोनवरून लावला.

"हं, बोला, ऐकतेय."

इंगळी झटकावी तसा आबांनी हात झटकला.

मग तिनं त्याच फोनवरून कंपनीच्या मदत क्रमांकाला विचारलं. तिथली बाई म्हणाली, ॲप गेलं तरी तुमचे कॉल अजून त्या ॲपच्या नंबरकडंच वळतायत, ते तुमच्या फोनवरून तोडावं लागेल. तिनं एक कोड सांगितला. ज्ञानेश्वरीनं आपला फोन चालू करून तो डायल केला, वळवलेले कॉल पुसले गेल्याचं पडद्यावर आलं, आणि फोन पुन्हा बंद केला.

आबांनी परत लावला. कंपनीची कोरडी बाई बोलू लागली, आपण ज्यांना फोन करत आहात त्यांचा फोन बंद आहे. आबांनी ते मराठीत ऐकलं, हिंदीत ऐकलं, इंग्रजीतही शेवटपर्यंत ऐकलं.

"ही बाई बरी," ते म्हणाले. "बंद हाय तर बंद हाय म्हणती." फोन बंडीच्या खिशात गेला. "आता म्या कामापुरताच फोन करीन. बोलायला कोकरू हाय."

कोकराला त्यांनी डालग्याखाली झाकलं. ते लगेच ओरडायला लागलं.

ज्ञानेश्वरीनं आपला बंद फोन फळीवर, पिठाच्या डब्यामागं सरकवला. पैजेचं काय झालं म्हणून हर्षाली आता फोन लावत असणार. लावू दे.

"आई, उद्या दोघांच्या भाकरी बांध," ती म्हणाली. "मी सुट्टीभर आबांसंगं मेंढरांमागं जाणार. फोन इथंच राहील. आबा, सगळं पहिल्यापासून सांगा. आणि मधी मधी थांबत जा, मला बी बोलायचं असतंय."