कुंपणापर्यंत

काचेच्या पेटीतली आर्द्रता बरोबर पंचावन्न टक्के होती. तापमान अठ्ठावीस. कुंडीतल्या रोपाला नवी पालवी फुटली होती. नव्हता तो फक्त सरडा.

नदीम पेटीसमोर उकिडवा बसला आणि एकेक पान उलटून पाहू लागला. घराचे मालक, म्हणजे अफनानचे वडील, म्हणून सगळ्यांचे अबू अफनान, लेकीला घेऊन चार दिवस जेद्दाला गेले होते. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं : मिशमिश नीट राहिला, तर आल्या आल्या फोनवरचं बटण दाबून तुला सुट्टीवर देशाबाहेर जायची परवानगी देतो. नाही राहिला, तर खलास. नदीमच्या बहिणीचा, नबीलाचा, निकाह गुहागरला शुक्रवारी होता. आज बुधवार.

चूक तशी साधी. पाणी गळतं ती ताटली पुसायला त्याने पेटीचं दार उघडलं, आणि नबीलाचा व्हिडिओ कॉल आला. बांगड्या दाखवायला. नेटवर्क अंगणात बरं मिळतं, म्हणून तो बाहेर गेला. सरडा हळू चालतो, मान्य. पण बहिणीचा कॉल त्याहून हळू संपतो.

पुन्हा फोन वाजला. मालकांना विमानतळावरून आणायला गेलेले हुसेनमियाँ. घरचे ड्रायव्हर, मूळचे रत्नागिरीकडचे.

"निघालोय. वीस मिनिटं. सगळा बरा ना?"

"चाचा, तो गेला."



"कुठे गेला?" हुसेनमियाँनी हवापाणी विचारावं तशा सुरात विचारलं. "नाव नको घेऊ. मागे दोघं बसलेत. मराठी कळत नाही, पण नाव कळेल."

"पेटी उघडी राहिली. पाहुणा बाहेर पडला."

"हसून बोल. मीपण हसतोय." ते खरंच हसले. "शाळेत काय शिकलास रे? त्याची धाव कुठपर्यंत?"

नदीम धावत कुंपणाशी गेला. म्हण खरी निघाली. तारेवर चढलेल्या वेलीत एक सरडा ऐटीत बसला होता. हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा, डोक्यावर तुरा. त्याच्यापासून चार हातांवर दुसरा. आणि खांबापाशी तिसरा. तिघं एकमेकांकडे पाठ करून, भाऊबंदकीत बोलचाल बंद असल्यासारखे.

म्हणीत सरडा एकच होता.

मिशमिश हॉलंडहून आला होता. सोबत शिक्क्याचे कागद, फोटो आणि पावसाचं वेळापत्रक : दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी, पंपाने. चारचा पाऊस त्याच्या विशेष आवडीचा. पाच मिनिटं आधीच जागेवर येऊन आ वासून बसायचा. इथल्या, खमीस मुशैतच्या डोंगरात हेच सरडे बिनकागदाचे, मिळेल त्या हवेत हिंडतात, हे अबू अफनानना सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं असेल त्याला धीर झाला नसेल.

नदीमने कागदावरचा फोटो प्रत्येकाशेजारी धरून पाहिला. तिघंही मिशमिश होते.

"मिशमिश!" त्याने हाक मारली. सहा डोळे सहा दिशांना फिरले. त्याच्याकडे एकही नाही.

गेटबाहेर हॉर्न वाजला. नदीमने मधला उचलला. मधलाच का, तर कडेचे दोघं फुसकारत होते. मधला फुसकारला नाही. चावला.

अफनान पळतच आत आली आणि तिने काचेला नाक लावलं. आतला सरडा फुगून कोळशासारखा काळा पडला होता.

"मिशमिश?" तिने विचारलं. त्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

अबू अफनाननी मीटर पाहिला. पंचावन्न. तापमान पाहिलं. टाकीतलं पाणी पाहिलं. "सगळं तर बरोबर आहे," ते म्हणाले. "मग याला काय झालं?"

नदीमने चावलेलं बोट मुठीत लपवलं. "काही नाही, अबू अफनान. सुरुवातीला असं होतं. पहिले दहा-बारा दिवस घास उतरत नाही. मलासुद्धा…"

"सुरुवातीला?" अबू अफनान सावकाश वळले. "दोन वर्षं झाली त्याला इथे."

हुसेनमियाँ दोन्ही हातांत बॅगा घेऊन दारात उभे होते. त्यांनी त्या खाली ठेवल्याच नाहीत.

तेवढ्यात चार वाजले. पंप फुरफुरला आणि पेटीत पाऊस सुरू झाला. आतल्या सरड्याने काचेवर धडक मारली, घसरला, पुन्हा चढला, आणि कुंडीमागे अंग चोरून बसला.

"बाबा," अफनान म्हणाली. ती पेटीकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती.

कुंपणावर, खांबापाशी बसलेल्या सरड्याने घराकडे तोंड केलं होतं आणि आ वासला होता. वर आभाळ कोरडं ठणठणीत. तरी तो तसाच बसून राहिला.

अबू अफनान बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. नदीमने डोळे मिटले.

"किती दिवसांची मागितली होतीस सुट्टी?"

"साठ."

बटण दाबल्याचा काही आवाज होत नाही. पण नदीमच्या खिशात मेसेज वाजला.

"जा," अबू अफनान म्हणाले. त्यांची नजर अजून कुंपणावरच होती. "तूही येशील परत."