भातावरचं झाकण

लेक परदेशी शिकायला गेली आणि तिथेच वारली. आज तिच्यासोबत राहणाऱ्या तिथल्या मैत्रिणी भेटायला येणार होत्या. आईनं लेकीचा पलंग आवरला, भात चढवला. "भाजीत मिरची हात राखून घाल," बाबा म्हणाले. "आणि बोलायचं काय? त्यांच्या भाषेच्या नावानं आपली बोंब." मैत्रिणी आल्या, अवघडून बसल्या. आई भात बघायला आत सटकली. पूर्वी लेक फोन स्पीकरवर ठेवून तिच्याकडून स्वयंपाक शिकायची. पोरगी भारी उतावळी. झाकण वाजलं की आई इकडून दरडावायची, "उघडू नको म्हटलं ना!" लेक म्हणायची, "नाही उघडत गं." आज आईलाच धीर धरवेना. तिनं झाकण उचललं. "उघडू नको म्हटलं ना!" मैत्रिणींतल्या एकीनं दारातून दरडावलं. उच्चार मोडके, ठसका थेट आईचा. आईनं झाकण परत ठेवलं. "नाही उघडत गं," ती म्हणाली.